सोवळ्यातला कॉम्प्युटर

आमच्या घरात माझ्या परवानगीशिवाय झुरळसुद्धा शिरत नाही. ही बढाई नव्हे, ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागाला ठाऊक आहे. पाटणकर बाजारातला भाजीवाला मला मेथीची जुडी देण्याआधी स्वतःच दोनदा झटकतो, कारण एकदा त्याच्या जुडीतून निघालेली गोगलगाय मी पुडीत बांधून त्याला परत नेऊन दिली होती. "तुझं माणूस राहिलं होतं आमच्याकडे," म्हटलं, "सांभाळ."

त्यामुळे माझी सून शालिनी जेव्हा म्हणाली, "आई, आपल्या कॉम्प्युटरला व्हायरस लागू शकतो, अँटीव्हायरस घालून घ्यायला हवा," तेव्हा मला हसूच आलं.

"व्हायरस म्हणजे काय गं?"

"जंतूच समजा. बाहेरून येतो. कोणाच्या फ्लॉपीतून, नाहीतर ईमेलमधून. डोळ्यांना दिसत नाही. एकदा आत शिरला की सगळं खराब करतो, आणि आपल्याकडून दुसऱ्यांच्या घरी जातो."

"म्हणजे विटाळ."

शालिनी जरा घुटमळली. "तसंच काहीसं."

"मग त्यासाठी दुकानातून सीडी कशाला आणायची? विटाळाला औषध सोवळं. ते मी पाळेन."

शालिनी सरकारी शाळेत पोरांना गणित शिकवते. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते बहुधा तिच्या वर्गात कोणी सात पाचे चाळीस म्हटल्यावर येत असावं. पण सून शहाणी आहे. चहा टाकायला गेली.

तर हा कॉम्प्युटर आमच्याकडे आला २००१ सालच्या मे महिन्यात. मी चौथी शिकलेली बाई, पण सांगते, असं दैवत मी जन्मात पाहिलं नव्हतं. टेलिफोनची तार त्याच्या पाठीत खोचली की आधी कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटायचा, मग कोणी गुळण्या केल्यासारखा खळखळायचा, आणि मग जो शांत व्हायचा तो एकदम अमेरिकाच दाखवायचा. माझी लेक अनसूया तिकडे असते. तिच्या पोरीचा पहिला दात तिकडे पडला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी इथे लष्करात बसून त्या पोरीचं बोळकं पाहिलं. मी उठून हात जोडले. रमाकांत, माझा मुलगा, हसला. हसू दे. ज्यानं माहेरच्या पत्राची आठ-आठ दिवस वाट पाहिली नाही, त्याला काय कळणार.

दैवत म्हटल्यावर सोवळं आलंच. मी नियम घालून दिले. चपला बाहेर. हात धुतल्याशिवाय बटणांना बोट लावायचं नाही. जेवणाच्या उष्ट्या हातानं तर नाहीच नाही. वर धुतलेला पंचा. मागच्या बाजूला दोन डांबराच्या गोळ्या. आणि बाहेरची फ्लॉपी आधी माझ्याकडे.

यातल्या शेवटच्या नियमाचा पहिला लाभ संभाजीरावांना झाला. संभाजीराव म्हणजे रमाकांतच्या ऑफिसातले सोबती, त्याच्या शेजारच्या टेबलावर कालव्यांचे नकाशे काढतात. मुलीचा बायोडाटा छापून घ्यायला फ्लॉपी घेऊन आले. मी ती काढून घेतली आणि गच्चीवर उन्हात घातली. जंतू उन्हानं मरतात, हे काय मी सांगायला हवं? ग्वाल्हेरचा जून. तासाभरानं आणायला गेले तर फ्लॉपी कुरडईसारखी वळली होती.

"काकू," संभाजीराव तिच्याकडे बघत म्हणाले, "ह्यात माझ्या पोरीचं सगळं होतं."

"जंतूही होते."

"तेही गेले असतील म्हणा."

"मग? काम झालं की नाही?"

त्यांनी ती कुरडई रुमालात बांधून नेली. त्यानंतर आमच्या घरी बाहेरची फ्लॉपी आली नाही. मी शालिनीला म्हटलं, बघ, एक पैशाची सीडी लागली नाही. ती म्हणाली, "आई, पण ईमेलचं काय? ते दारातून येत नाही." मी म्हटलं, ओळखीच्यांचंच येतं ना, मग झालं तर.

आता ऑगस्टमध्ये काय झालं ते ऐका.

आदल्या वर्षी नोव्हेंबरात सरकारनं मध्यप्रदेशाचे दोन तुकडे केले होते, हे तुम्हाला आठवत असेल. जमीन वाटली, नद्या वाटल्या, मग माणसं वाटायला काढली. कोण इकडे राहणार, कोण छत्तीसगडात जाणार, त्याची यादी. ती यादी लागली आणि तीत रमाकांतचं नाव निघालं. छत्तीसगड. रायपूर, की त्याच्याही पुढे कुठे, ते देवाला ठाऊक.

यादी घेऊन तो घरी आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. सोलतच राहिले. मला ह्या गोष्टीची सवय आहे. मी लग्न करून आले तेव्हा ग्वाल्हेर संस्थान नुकतंच गेलं होतं आणि मध्यभारत आला होता. मग छप्पन साली मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश आला, आणि यांचं, म्हणजे रमाकांतच्या कैलासवासी वडिलांचं, दफ्तर उचलून भोपाळला नेलं. दफ्तराबरोबर हेही गेले. अकरा वर्षं. शनिवारी रात्री यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. सासू-सासरे, दोन पोरं आणि मी इथे. लोक म्हणायचे, माधवरावांची बायको खमकी आहे. खमकी तर होतेच. पण कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

"पंधरा दिवसांत आपत्ति देता येते," रमाकांत म्हणाला.

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. आमच्याकडे सरकारी हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. 'मला हे मान्य नाही' असा अर्ज. संकट नव्हे. हा एवढा फरक त्या वेळी कोणीतरी पुण्यात सांगायला हवा होता.

संभाजीरावांनी सल्ला दिला. "आईच्या तब्येतीचं कारण घाल. म्हातारी आई, एकुलता मुलगा. ह्याच्यावर साहेब लोक पाघळतात." रमाकांतनं कॉम्प्युटरवर हिंदीत अर्ज टाइप केला आणि मला वाचून दाखवला.

"मेरी वृद्ध माताजी गत तीन वर्षों से शय्याग्रस्त हैं."

"शय्याग्रस्त म्हणजे?"

"अंथरुणाला खिळलेली."

"मी?" मी त्या वेळी स्टुलावर उभी राहून माळ्यावरचा पितळी डबा काढत होते.

"आई, लिहावं लागतं तसं. तू टेन्शन नको घेऊ. पुढे ऐक. स्वयं करवट भी नहीं ले सकतीं, म्हणजे कूससुद्धा वळता येत नाही. स्मृति भी क्षीण हो चुकी है."

"रमाकांत, तुझ्या मुंजीत कोणी किती पोलकी आणली आणि त्यातली किती विटकी होती ते मी आत्ता सांगू शकते. स्मृति काट."

"काटतो."

"बाकीचं..." मी स्टुलावरून उतरले. "बाकीचं राहू दे."

खोटं मला खपत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण रायपूर लांब आहे.

शालिनी दारात उभी होती. "अर्जात मी..." असं काहीतरी ती म्हणाली. "तू नंतर बोल," रमाकांत म्हणाला, "आधी आईचं नीट होऊ दे." आणि त्यानं अर्ज कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिला. इंग्रजी अक्षरांत त्याला नाव दिलं, आपत्ति माताजी. शुक्रवारी छापून, सही करून साहेबांना द्यायचा.

मंगळवारी दुपारी घरात मी एकटी. हात धुतले, पंचा काढला, कॉम्प्युटर लावला. अनसूयाचा फोटो येणार होता. शालिनीनं मला एवढंच शिकवलं होतं की, पाकिटाच्या शेजारी कागदाला लावायची क्लिप दिसली की आत काहीतरी जोडलेलं आहे, फोटो वगैरे. त्यावर दोनदा टकटक करायचं. दार वाजवल्यासारखं. त्या दिवशी एक पाकीट आलेलं होतं, सकाळी शालिनीनं तार लावली तेव्हाचं. क्लिप होती. नाव अनसूयाचं नव्हतं, पण मला ओळखता आलं. आमच्या भगिनी मंडळाच्या चिटणीस, पलीकडच्या कंपू भागात राहणाऱ्या लीलाताई. त्यांचं इंग्रजी नाव मी पावत्यांवर वर्षानुवर्षं पाहते. हरतालिकेचे फोटो पाठवले असतील म्हटलं. आणि दारात उभ्या असलेल्या लीलाताईंना मी बाहेर कशी ठेवणार?

टकटक.

काहीही झालं नाही. फोटो नाही, आवाज नाही. पुन्हा केलं. नाही. मला वाटलं, लीलाताई घाईत आत काही ठेवायला विसरल्या. बाईंचा स्वभावच तसा आहे, मागच्या हळदीकुंकवाला हळदच विसरल्या होत्या. मी पंचा घालून उठले.

संध्याकाळी रमाकांतनं टेलिफोनची तार लावली, बातम्या बघायला. तारेच्या डबीवरचे लाल दिवे एकसारखे लुकलुकायला लागले. दहा मिनिटं, वीस मिनिटं.

"आज लाइन छान चालून राहिली आहे," रमाकांत म्हणाला.

लाइन छानच होती. तीन तास चालली. त्या तीन तासांत आमच्या कॉम्प्युटरनं, कोणाला न विचारता, रमाकांतच्या अर्जाच्या नकला काढल्या आणि पत्त्याच्या वहीतल्या त्रेचाळीस घरी धाडून दिल्या. तिकीट नाही, पाकिटाला खळ नाही, पोस्टमन नाही. मी पन्नास वर्षं पोस्टकार्डं लिहिली. नागपूरच्या मामेसासऱ्यांकडून एका पत्राचं उत्तर यायला मला चार-चार महिने लागले. आणि ह्यानं एका संध्याकाळी आमचं अख्खं गणगोत उठवलं. राग येतोच, पण खरं सांगते, मान लवते.

बुधवारी शालिनी शाळेतून आली तोच लीलाताईंचा फोन आला. त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली.

"शालिनी, आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. का हो?"

"लपवू नकोस गं. वाचलं आम्ही सगळं. मंडळातल्या सगळ्यांना आलं आहे. शुक्रवारचं भजन आम्ही त्यांच्यासाठीच ठेवलं आहे."

फोन ठेवून शालिनी सरळ कॉम्प्युटरपाशी गेली. पाच मिनिटं काहीबाही बघितलं, मग माझ्याकडे वळली.

"आई, लीलाताईंच्या नावाचं क्लिपवालं पाकीट उघडलं का तुम्ही?"

"उघडलं. हात धुऊन."

"ते लीलाताईंनी पाठवलंच नव्हतं."

"नाव त्यांचं होतं."

"नाव त्यांचंच असतं. त्यांच्या कॉम्प्युटरला लागला होता, त्यानं त्यांच्या नावानं आपल्याला पाठवलं. आपण उघडलं, आता आपल्या नावानं पुढे गेलं. तो ओळखीच्यांच्याच नावानं येतो, आई. अनोळखी पाकीट कोण उघडतं? म्हणून क्लिप दिसली की आधी फोन करून विचारायचं, तुम्हीच पाठवलं का."

मी खाली बसले. मेल्याची अक्कल बघा. गोगलगाय येते ती गोगलगाईसारखीच दिसते, झुरळ झुरळासारखं दिसतं. हा लीलाताई होऊन आला. पुराणातले राक्षस रूप बदलून भिक्षा मागायला यायचे म्हणतात, त्यांच्यानंतर हाच.

तेवढ्यात रमाकांत आणि संभाजीराव एकदमच घरात शिरले. चपला काढल्या नाहीत, यावरून मी समजले की काहीतरी भलतं आहे.

"आई, भदौरिया साहेबांनाही गेला," रमाकांत म्हणाला. भदौरिया साहेब म्हणजे त्याच्या ऑफिसचे मोठे. अर्जावर शिफारस त्यांनीच लिहायची होती. "अर्ज मी अजून दिलाही नाही, आणि त्यांनी वाचून टाकला. म्हणाले, माताजी को देखने कल सुबह आता हूँ."

"येऊ देत. पोहे करते."

"काकू," संभाजीराव म्हणाले, "तुम्ही शय्याग्रस्त आहात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी मला उभी पाहिली, तर अर्ज खोटा ठरणार आणि रमाकांत रायपूरला. शिवाय खोट्या अर्जाचा ठपका वेगळा.

"किती वेळ पडून राहायचं?"

"अर्धा तास."

"बोलायचं नाही?"

"शक्यतो नाही."

"कठीण आहे," शालिनी म्हणाली. कोणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी मी आंघोळ करून, केस न विंचरता, ऑगस्टच्या उकाड्यात रजई घेऊन आडवी झाले. शालिनीनं रजा काढली होती. उशाशी तिनं तीन औषधाच्या बाटल्या मांडल्या, त्यातली एक व्हिनेगरची होती. अकरा वाजता भदौरिया साहेब आले. उंच, पांढऱ्या मिशा, हातात डझनभर केळी. खुर्ची ओढून माझ्या पायाशी बसले.

"प्रणाम माताजी. कैसी तबीयत है?"

मी डोळे मिटून घेतले. रमाकांत म्हणाला, "सुनाई भी कम देता है, सर." हे अर्जात नव्हतं. ह्याचा हिशोब मी नंतर करणार होते.

साहेब हळहळले. "बहुत कष्ट है इनको." मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात दारात टेम्पो थांबला.

"जाऊबाई!"

हा आवाज मी साता समुद्रापलीकडून ओळखेन. वनमाला. माझी धाकटी जाऊ, पुण्याची. मागून माझे दीर बळवंतराव, दोन बॅगा आणि गंगेचा गडू. झालं होतं असं की, पुण्याच्या कॉम्प्युटरवर आमच्यासारखी हिंदी अक्षरं नव्हती, त्यामुळे अर्ज उघडल्यावर तिथे नुसता किडामुंगीसारखा गिचमिड कचरा दिसला. वाचता आलं ते फक्त इंग्रजी अक्षरांतलं नाव. आपत्ति माताजी. पुण्याच्या माणसानं त्याचा अर्थ काय लावायचा? वनमालानं ताबडतोब फोन लावला, तर तीन तास एंगेज. "सगळ्यांना कळवत आहेत," ती म्हणाली, आणि पहाटेच्या गाडीत बसली.

"गेल्या का?" तिनं रजईकडे बघून विचारलं.

"नाही काकू, आहे," रमाकांत म्हणाला.

"अक्षरंसुद्धा वेडीवाकडी आली रे. आम्ही समजलो, हात थरथरत असतील तुझे." ती माझ्या कपाळावर हात ठेवून दोन मिनिटं रडली. चांगलं रडली. बेचाळीस वर्षांत माझ्याशी धड बोलली नाही ती बाई. मला जरा भरूनही आलं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "साहेब बसले आहेत, कोणी त्यांना खायला दिलं की नाही? शालिनी, तू बस सासूपाशी. मी बघते."

आणि ती स्वयंपाकघरात गेली. गाडीतल्या लुगड्यानिशी. हात न धुता.

मी दात आवळले. भांडी वाजली. डब्याचं झाकण वाजलं. पोळ्यांचा डबा, ठीक. साखरेचा, ठीक. मग नळ सुरू झाल्याचा, चमचा विसळल्याचा आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ, पुसल्याचा आवाज मुळीच न येता, चिनी मातीच्या बरणीवरची बशी सरकली.

माझी कैरीच्या लोणच्याची बरणी. वर्षाचं लोणचं. ओला चमचा.

पुढचं मी ठरवून केलं नाही. लोक म्हणतात रजई पंख्याला लागली. मला एवढंच आठवतं की मी साहेबांच्या गुडघ्याला वळसा घालून, बॅगांवरून पाय टाकून स्वयंपाकघरात होते आणि वनमालाचं मनगट माझ्या हातात होतं.

"ठेव तो चमचा. बुरशी येईल वर्षभराला. पुण्यात विकतचं खाता म्हणून इथेही तसंच?"

वनमालानं एक किंकाळी फोडली आणि चमचा सोडला. मी तो बरणीत पडायच्या आत झेलला. हे उजव्या हातानं.

मागे वळले तर दारात सगळे उभे. साहेबांच्या हातात अर्धवट सोललेलं केळं.

"रमाकांत जी," साहेब शांतपणे म्हणाले, "करवट तो माताजी ने बहुत अच्छी ली."

रमाकांतचं तोंड त्या उन्हात घातलेल्या फ्लॉपीसारखं झालं होतं. चमचा माझ्या हातात. मी तो पदराला पुसला.

"माताजी, आप तो भली-चंगी हैं. तो फिर आपत्ति क्या है?"

"तेच विचारायला आम्ही पुण्याहून आलो," बळवंतराव म्हणाले. "आपत्ती काय आहे?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं बोलायची मला सवय नव्हती. मी साहेबांकडे बघून बोलायला लागले, हिंदी काय आणि मराठी काय, आलं तसं.

"साहब, छप्पन में इनके पिताजी को भोपाल ले गए. ग्यारह साल. तब किसी ने नहीं पूछा कि आपत्ति क्या है. अभी आप पूछ रहे हो. मला काही झालेलं नाही. हात-पाय चालतात, दात बत्तीसच्या बत्तीस नसतील, पण आहेत ते माझे आहेत. पण घर संध्याकाळी खायला उठतं हो. एक बार सह लिया. अब नहीं सहा जाएगा. इतनी ही आपत्ति है."

वनमाला माझ्याकडे बघतच राहिली. ती ह्या घरची सून, तिलाही हे माहीत नव्हतं. मलाही, तोंडातून बाहेर येईपर्यंत, एवढं ठाऊक नव्हतं.

साहेबांनी केळं ताटलीत ठेवलं. मिशीवरून हात फिरवला.

"माताजी, बात सच्ची है. पर फॉर्म में इसका कॉलम नहीं है." मग रमाकांतकडे वळले. "और ये बीमारी वाली अर्जी?"

"सर, ती..." रमाकांतला मराठी की हिंदी ते सुचेना.

"ये अर्जी आपने दी कहाँ है? न दस्तखत, न तारीख. ये तो वायरस ने दी है. वायरस पर कार्यवाही का कोई नियम नहीं. मेरा कंप्यूटर भी बैठ गया कल से." ते उठायला लागले, आणि समोर पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या शालिनीकडे त्यांचं लक्ष गेलं. "बहू जी कहीं काम करती हैं?"

"जी, सरकारी कन्या शाला में. चौदह साल से."

साहेब पुन्हा बसले. रमाकांतकडे त्यांनी असं बघितलं, जसं वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराकडे मास्तर बघतात.

"पत्नी सरकारी नौकरी में, यहीं ग्वालियर में. पति-पत्नी को एक जगह रखने की बात सर्कुलर में साफ लिखी है. भले आदमी, ये छोड़ के माताजी को खाट पर लिटा दिया?"

"माझ्या लक्षातच..." रमाकांत म्हणाला.

"मी दोनदा म्हणायला आले होते," शालिनी म्हणाली. तिनं साहेबांपुढे पाणी धरलं. "आईंचं झाल्यावर माझं घेणार होते."

मी लोणच्याची बरणी कापडानं बांधली. नीट, दोन गाठी मारून. बांधायला जरा जास्तच वेळ लावला.

त्याच संध्याकाळी मी स्वतः पाटणकर बाजारात गेले आणि अँटीव्हायरसची सीडी घेतली. दुकानदाराला विचारलं, हे सोवळं किती दिवस टिकतं? म्हणाला, "सालभर, माताजी. पर हर हफ्ते अपडेट करना पड़ेगा, रोज नए वायरस आते हैं." म्हणजे सोवळ्यालाही रोज नवा विटाळ शिकावा लागतो. हे आमच्या सासूबाईंना कोणी सांगायला हवं होतं.

शालिनीनं सीडी घातली. मी शेजारी पाटावर बसले. तो अँटीव्हायरस एकेक फाइल उघडून बघायला लागला. हजारो. एक सोडली नाही. लीलाताईंच्या नावाला भुलला नाही, अनसूयाच्या पोरीच्या बोळक्याला भुलला नाही, सगळ्यांना सारखं तपासलं, आणि तासाभरानं तो मेला व्हायरस कुठल्याशा कोपऱ्यात सापडला तेव्हा घंटा वाजली. माझ्या अंगावर काटा आला. मी पन्नास वर्षं घर झाडलं, असं झाडलं नाही. मी हात जोडले. ह्या वेळी रमाकांतही हसला नाही. मी पुण्याला, कंपूला, सगळीकडे फोन करायला लावले, की आमच्या नावाचं काही आलं असेल तर उघडू नका, उघडलं असेल तर सीडी आणा. वनमालानं स्वतः बसून पंचवीस फोन केले. प्रत्येकाला आधी सांगायची, "जाऊबाई आहेत," आणि मग बाकीचं.

शुक्रवारी भजन झालं. भजनाला मी स्वतः टाळ वाजवले, त्यामुळे दोघी-तिघी जरा नाराज दिसल्या.

नवा अर्ज शालिनीनं लिहिला. दीड पान, सगळं मुद्देसूद, तिच्या शाळेचा शिक्का, तिच्या नेमणुकीचा क्रमांक. रमाकांतनं फक्त सही केली. पुढे यथावकाश अर्ज मंजूर झाला आणि रमाकांत इथेच राहिला, पण ते नंतरचं. त्या दिवशी मी म्हटलं, "मला वाचून दाखव." तिनं दाखवलं. मी माझ्या नावाची वाट बघत होते. पहिलं पान संपलं. दुसरं संपत आलं. शेवटी एक रकाना होता, परिवार के अन्य सदस्य. त्यात तिनं नीटस अक्षरांत लिहिलं होतं:

सास – स्वस्थ.

"बरोबर आहे ना, आई?"

मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. एवढंच होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पण पहिल्या पानावर जागा नव्हती का गं?"